सात नंबरचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. अशी सुरुवात तुम्ही भुताच्या गोष्टींच्या या पानावर शंभर वेळा वाचली असेल. मीही वाचली आहे. म्हणून आग्रह धरत नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच सोडून द्यावी. मला ती सोय नाही, एवढंच.

आणखी एक. यात रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. सोमवारी, पाऊण वाजता, पत्र्याच्या छपराखाली, स्वच्छ उजेडात.

माझे वडील एका कॉलेजात शिकवायचे. कॉलेज म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं ते नव्हतं. शाळा अर्धवट राहिलेले, नोकरी गेलेले, चाळिशी उलटल्यावर नव्याने काही शिकायला निघालेले, असे सगळे तिथे यायचे. एका शेडमध्ये वेल्डिंग, दुसरीत शिवणकाम, मागे रोपवाटिका, गोठा, आणि सगळ्यात शेवटी गुरांचं खाद्य बनवायची शेड. ती बाबांची.

त्या शेडमध्ये मिक्सर होता. आडवा लोखंडी ड्रम, माणूस वाकून आत उभा राहील एवढा. आत फिरणारी जाड पाती. कोंडा, पेंड आणि साखर कारखान्यातली मळी त्यात एकत्र व्हायची. मळी चिकट. तिचा आतून थर धरायचा, आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी मागच्या दाराने आत शिरून तो लोखंडी पट्टीने खरवडायचा.

मिक्सरच्याच सांगाड्यावर, पुढच्या बाजूला, एक फळी ठोकलेली होती. फळीवर खिळे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आकडा कोरलेला एक पितळी बिल्ला मिळायचा. आत जाणाऱ्याने आधी आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा. फळीवर एक जरी बिल्ला असला, तरी बटणाला हात लावायचा नाही.

आणि ज्याने अडकवला, त्यानेच काढायचा. दुसऱ्या कोणीही नाही.

बाबा हे इतक्यांदा सांगायचे की विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘बिल्लेबाबा’ म्हणायचे. बाबांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत," ते म्हणायचे. "माझ्याकडे दाखवायला बोटं शाबूत आहेत ना पोरांची? मग झालं."

त्यांचा आकडा सात.

गेल्या वर्षी त्या सोमवारी मिस्त्रीकाका जेवून परत आले. मिस्त्रीकाका म्हणजे शेडमधली यंत्रं सांभाळणारे, बाबांचे वीस वर्षांचे सोबती. दोघं रोज भांडायचे आणि रोज एकाच डब्यातून जेवायचे. त्या दिवशी मात्र बाबा जेवायला घरी जाणार होते.

काकांनी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

त्यांनी बटण दाबलं.

बाबा आत होते.

चौकशी झाली. अहवाल आला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे : ‘प्रशिक्षकाने स्वतःचा बिल्ला अडकवलेला नव्हता.’ प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी ते वाचून दाखवतात. बघा, शिकवणाराच विसरला.

बाबा विसरले नव्हते.

मला माहीत आहे. कारण तो बिल्ला मी काढला होता.

मी दुसऱ्या गावी राहते. आई गेल्यापासून महिन्यातून दोन दिवस बाबांकडे यायचे. त्या सोमवारी आले आणि लक्षात आलं, घराची किल्ली विसरले. तशीच कॉलेजात गेले. शेडमध्ये कोणी दिसलं नाही, कसला आवाजही नव्हता. फळीवर सातच्या खिळ्याला बाबांची रिंग लटकत होती. बिल्ला हरवू नये म्हणून ते तो घराच्या किल्लीबरोबर एकाच रिंगमध्ये ठेवायचे.

मी रिंग काढली. किल्ली सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. रिंग घट्ट होती. नख तुटलं.

म्हटलं, जाऊ दे. बाबा जेवायला घरीच तर येणार आहेत.

नियम मला लहानपणापासून तोंडपाठ होता. पण त्या क्षणी मला बिल्ला दिसलाच नाही. मला फक्त किल्ली दिसली.

घरी येऊन मी कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला फोन वाजला.

मी कोणाला काही बोलले नाही. कोणी विचारलंही नाही. दिवसकार्य उरकल्यावर रिंग माझ्या घरी आणली आणि कपाटाच्या खणात, स्वेटरांच्या खाली ठेवली. रोज वाटायचं, उद्या सांगू. असे अकरा महिने गेले.

मग मिस्त्रीकाकांचा फोन आला.

"ताई, एक विचारू का? सरांचा बिल्ला तुमच्याकडे आहे का?"

मी कपाटाकडे पाहिलं. "का हो?"

"नाही... तो फळीवर आहे."

मी खण उघडला. स्वेटर बाजूला केले. रिंग होती. किल्ली होती.

बिल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडच्या दारात उभी होते. काका अर्धे झाले होते. शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"जेवता की नाही काका?"

"जेवतो की. बायको समोर बसून मोजते घास." ते हसायला गेले, पण हसू मधेच थांबलं. "या. बघा."

सातच्या खिळ्यावर बिल्ला होता. तोच. कडेला बाबांनी कानशीने केलेली खाच होती.

"नऊ दिवस झाले," काका म्हणाले. "मी मिक्सर सुरू केलेला नाही. प्राचार्यबाई चिडल्या. म्हणाल्या, कोणीतरी चावटपणा करतंय. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः काढला आणि टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला."

"मग?"

"पाचव्या दिवशी सकाळी त्या शेडमध्ये आल्या, फळीकडे पाहिलं आणि तशाच परत गेल्या. तेव्हापासून इकडे फिरकल्या नाहीत."

"आणखी काही?"

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "थांबा थोडं. तुम्हीच ऐका."

आम्ही दोन स्टुलांवर बसलो. मेन स्विच बंद होता. पंखा बंद होता. बाहेर वेल्डिंगवाल्यांची जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे आवाज एकेक करून थांबले.

पाऊण वाजला.

खर्र...

मी काकांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

खर्र... खर्र...

लोखंडावर लोखंडी पट्टी. सावकाश, नेटकी, एका लयीत. मी लहानपणापासून ऐकलेली. बाबांना घाईने खरवडलेलं चालायचं नाही.

मी उठून मागे गेले. ड्रमचं दार सताड उघडं होतं. आत वाकून पाहिलं.

कोणी नव्हतं.

आवाज मात्र थांबला नाही. आणि ड्रमच्या तळाशी, माझ्या डोळ्यांदेखत, वाळलेल्या मळीचे पापुद्रे पडत होते.

"रोज थोडं थोडं," काका मागून म्हणाले. "आता जवळपास साफ झालाय. मी विचार करतो ताई, सर असे विसरतील? सर? मग वाटतं, ते विसरले नसतील. मीच फळी नीट पाहिली नसेल. बिल्ला असेल तिथे, आणि मला दिसला नसेल. वय झालं माझं. डोळे तपासून आलो दोनदा. डॉक्टर म्हणतो, डोळे उत्तम आहेत. मग काय झालं असेल?"

आता गप्प राहणं शक्य नव्हतं.

"काका, बिल्ला तिथे नव्हता. मी काढून नेला होता."

मी सगळं सांगितलं. किल्ली, रिंग, नख. सगळं.

काकांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

"म्हणजे मी पाहिली होती," ते म्हणाले. "फळी मी नीट पाहिली होती."

"हो काका."

"अकरा महिने, ताई."

एवढंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तिथेच बसून एका कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं, सही केली आणि प्राचार्यबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "अहवाल बदलावा लागेल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "आणि ते वाक्य वाचणं मी आजपासून बंद करते."

मी परत शेडमध्ये आले. खरवडणं चालूच होतं.

"काका, मला आत जाऊन त्यांना सांगायचंय."

त्यांनी नाही म्हटलं नाही. मेन स्विचला कुलूप घातलं, किल्ली मुठीत घेतली आणि स्विचला पाठ लावून उभे राहिले. पाहुण्यांसाठी ठेवलेला एक बिनआकड्याचा बिल्ला माझ्या हातात दिला. "स्वतः अडकवा," म्हणाले.

मी अडकवला. सातच्या शेजारी.

मागच्या दाराने आत शिरले. मळीचा गोड, आंबूस वास. पाती माझ्या खांद्याला लागत होती. खरवडण्याचा आवाज अगदी समोरून, हातभर अंतरावरून येत होता. तिथे काहीच नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले. "बिल्ला मी काढला होता."

आवाज थांबला.

मी वाट पाहिली. काय होईल असं मला वाटत होतं, कोण जाणे. हाक. हात. निदान एक सुस्कारा.

काहीच नाही...

आणि मग...

टिण्.

पितळ खिळ्यावरून निघाल्याचा आवाज. फळी सांगाड्यावरच ठोकलेली असल्यामुळे तो लोखंडातून थेट आत आला. इतका स्पष्ट, की कोणी कानाशी वाजवावा.

पाठोपाठ रिंगची किणकिण. कोणीतरी ती उघडायला बघत होतं. नखाची कुरकुर. मग नख तुटल्याचा बारीक आवाज.

आणि एका बाईचा वैतागलेला आवाज : "शी!"

तो माझा आवाज होता.

मग चपला. टाचेशी फटफट वाजणाऱ्या, घाईच्या. त्या दाराकडे निघाल्या. एक... दोन... तीन... मी तोंड उघडलं, पण ओरडता आलं नाही. चपला बाहेर गेल्या, आणि मागे अशी शांतता पसरली, की पुढचा आवाज कोणता हे मला कळलं.

मी बाहेर कशी पडले ते आठवत नाही. कोपर सोललं होतं.

काका स्विचसमोर तसेच उभे होते, घामाने भिजलेले. मूठ घट्ट.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"आवाज?"

"इकडे काहीच आला नाही, ताई."

फळीवर माझा बिनआकड्याचा बिल्ला होता. सातचा खिळा रिकामा होता.

तो बिल्ला नंतर कुठेच सापडला नाही. खरवडणंही त्यानंतर कोणी ऐकलं नाही. अहवाल बदलला. काका पुन्हा जेवू लागले, असं त्यांच्या बायकोने मला कळवलं. लोक म्हणतात, सरांना शांती मिळाली. मिळाली असेल.

मी अकरा महिने एकाच गोष्टीवर तग धरला होता : बाबांना काही कळलं नसेल. ते आपल्या कामात असतील, आणि एका क्षणात सगळं संपलं असेल.

आता मला माहीत आहे, आत सगळं ऐकू येतं.

हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पण ताई, बिल्ला हलल्याचा आवाज आला की आतल्या माणसाने ओरडायचं असतं. सरांनीच शिकवलंय सगळ्यांना. मग ते ओरडले का नाहीत?"

मी नंतर एकदा जाऊन मोजलं. फळीपासून शेडच्या दारापर्यंत माझी चौदा पावलं होतात.

चौदा पावलं बाबा गप्प राहिले.