किल्ली काढल्यावर

ही गोष्ट खरी आहे. सांगणारा माझा सख्खा मामा आहे, आणि शेवटचा भाग तर माझ्याच समोर घडला. हिच्यात काळोखी रात्र नाही की ओसाड बंगला नाही. भर दुपार आहे, हॉस्पिटलचं फाटक आहे आणि एक जुनी गाडी आहे.

मामा मेस्त्री. जुनी इंजिनं म्हणजे त्याच्या हातचा मळ. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते बॉनेटमध्ये डोकं घालून. मामी म्हणायची, "ह्यांचा चेहरा मी लग्नात पाहिला. त्यानंतर नुसती पाठच बघतेय."

मामीच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ते डोकं बॉनेटमधून बाहेर आलं. एक दिवसाआड दुपारी डायलिसिस. बसमध्ये तिला भोवळ यायची. म्हणून मामाने आपल्या जुन्या गाडीची डावी सीट मागे कलती केली आणि तिच्यावर जाड उशी बसवली. त्या सीटवर तिला बरं वाटायचं. गाडी थांबली तर उपचार थांबले, इतकं ते सरळ होतं.

आणि नेमकं त्याच गाडीच्या इंजिनचं हेड तडकलं.

हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण. पेट्रोल जळतं ते त्याच्याखाली. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता, सुटे भाग मिळायची बातच नको. पण त्याच्या आधीच्या मॉडेलचं हेड या इंजिनवर बसतं, भोकाला भोक जुळतं, हे मामाला पाठ होतं. तो तडक भंगारवाल्याकडे गेला. कोपऱ्यात तसली एक गाडी उभी होती. आजूबाजूच्या सगळ्या गाड्या पोखरलेल्या, हिच्या इंजिनला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"ती राहू द्या, मेस्त्री," भंगारवाला म्हणाला.

"का?"

"उगाच. दुसरी येईल की."

"तोवर बायकोला काय खांद्यावर घेऊन जाऊ?"

भंगारवाल्याने पाना पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

हेड चपखल बसलं. मामा खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मामीला हॉस्पिटलच्या फाटकाशी आणलं, किल्ली फिरवली, काढून हातात घेतली...

इंजिन चालूच राहिलं.

धडपड नाही, खोकणं नाही. सावकाश, एका लयीत.

मामीने दार उघडलं. तिचा पाय जमिनीला टेकला...

इंजिन बंद झालं.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. आत साचलेली काजळी तापली की पेट्रोल ठिणगीशिवाय पेटतं, आणि जुनं इंजिन किल्ली काढल्यावरही थोडं चालतं. कुठलाही मेस्त्री हे सांगेल. पण ते चालतं गचके देत, आणि लगेच मान टाकतं. मामाने हेड उतरवून काजळी खरवडली, प्लग बदलले. एकटा चक्कर मारून आला. किल्ली काढताच इंजिन गुमान बंद. शेजाऱ्याला बसवून पाहिलं, बंद. माझ्या आईला बसवलं, बंद.

मामीला बसवलं...

चालूच.

ती उतरेपर्यंत. एकदा ती मुद्दाम बसून राहिली. म्हणाली, "बघू तरी, आधी कोण दमतं."  मामानेच शेवटी हाताला धरून तिला उतरवलं.

"असू द्या हो," मामी म्हणाली. "माझ्यासाठी थांबतंय बिचारं. तुम्ही कधी थांबलात का?"

मामा हसला नाही. परत भंगारवाल्याकडे गेला.

"आता सांग. कुणाची गाडी ती?"

भंगारवाल्याने फडक्याला हात पुसले. "एक माणूस होता. बायकोला घेऊन हॉस्पिटलला गेला. फाटकाशी गाडी चालूच ठेवली, बंद केली तर परत सुरू होईल याचा भरवसा नव्हता. स्ट्रेचर आणायला आत पळाला. परत येतो तर इंजिन बंद... आणि ती पण."

"मग?"

"मग काय. गाडी इथे आणून सोडली. जाताना मला एकच विचारत होता. आधी इंजिन बंद पडलं, का आधी ती गेली? मी काय सांगणार, मेस्त्री?"

मामाने घरी यातला चकार शब्द काढला नाही. पण त्याची झोप उडाली. ते हेड काढून फेकावं, तर दुसरं कुठून आणायचं? आणि गाडीशिवाय मामीला न्यायचं कसं? मेस्त्रीच्या डोक्यात भीतीलाही एकच उत्तर असतं, दुरुस्ती. त्याने आणखी तिसऱ्याच मॉडेलचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल पुरवणारा भाग, शोधून आणला. त्यात एक छोटा वॉल्व्ह होता, किल्ली काढली की पेट्रोलची वाटच बंद करणारा. मध्ये पट्टी घालून, भोकं पाडून, त्याने तो कार्बोरेटर आपल्या इंजिनवर बसवला.

त्या दुपारी मामी मजेत होती. वाटेत तिने काच खाली करायला लावली. घरी पांघरुणं वाळत घातली आहेत, परत गेल्यावर आठवणीने काढा, असं बजावलं. फाटक आलं. मामाने गाडी थांबवली. किल्ली फिरवली...

इंजिन बंद झालं.

तिथल्या तिथे.

"बघ," मामा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं होतं. "बघितलंस? झालं की नाही बंद?"

मामी बोलली नाही.

तिचा हात दाराच्या कडीवर होता.

डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. रक्तातले क्षार वाढतात आणि हृदय एकाएकी थांबतं. कुणाचाच दोष नसतो. मामाने मान डोलावली. त्यालाही एकच विचारायचं होतं, पण ते डॉक्टरांना विचारण्यासारखं नव्हतं.

घरी पांघरुणं दोरीवरच राहिली.

मामीचे दिवस झाल्यावर मामाने तो नवा कार्बोरेटर काढला आणि आधीचा परत बसवला. रोज दुपारी गाडीत बसायचा. सुरू करायचा, किल्ली काढायचा आणि कान देऊन बसायचा. इंजिन लगेच बंद व्हायचं. डाव्या सीटवरची उशी अजून दबलेली होती. "चांगलं चालत होतं ग," तो मला म्हणाला. "मीच बंद केलं." मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी त्यानेच ठरवलं, गाडी भंगारात द्यायची. "चल सोबत," म्हणाला. "येताना एकट्याला चालत यायला नको वाटतं." मी डाव्या सीटवर बसले.  भंगाराच्या फाटकाशी मामाने गाडी थांबवली आणि किल्ली काढली...

इंजिन चालूच राहिलं.

सावकाश. एका लयीत.

मामाने माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

"मामा, उतरू?"

त्याने किल्ली धरलेली मूठ छातीशी घेतली. म्हणाला, "उतर. पण ते चालू आहे तोवर उतर."

माझा पाय जमिनीला टेकला आणि इंजिन बंद झालं. भंगारवाला फाटकात उभा होता. त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फाटक लावून घेतलं.

गाडी अजून मामाच्या दारात आहे. मी डॉक्टरांकडे जाऊन माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कशातच काही निघालं नाही. तसं मामाला फोनवर कळवलं.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी जाऊन गाडीची टाकी भरून आला.