निळ्या पिंपावरचा लांबलचक शब्द

"नळी बंद कर, निरंजन! पाणी भरू नकोस!" पिंकी ओरडली.

नांदे गावात आज तिच्या ताईची हळद होती. पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी कुशाबाकाकांनी जुनी निळी पिंपं विकत आणली होती. शाळेला सुट्टी, म्हणून ती भरायचं काम पिंकी, निरंजन आणि जन्नत या तिघांच्या गळ्यात! आणि पिंपातून असा वास येत होता की पिंकीचं नाक चुरचुरलं.

जन्नत खाली वाकली. अर्धवट खरवडलेल्या लेबलावर एक भलामोठा इंग्रजी शब्द उरला होता.

"बापरे! ही आगगाडी कोण वाचणार?" निरंजन म्हणाला.

"शाळेत शुभांगीबाई शिकवतात तसं," जन्नत म्हणाली. " टाळ्या वाजवत तुकडे पाडू. इन्... सेक्... टि... साइड! जोर दुसऱ्या टाळीला. इन्-सेऽक्-टि-साइड!"

"इन्सेक्ट म्हंजे किडा की!" पिंकी म्हणाली.

निरंजनचा चेहरा उतरला. "अन् साइड हा तुकडा आमच्या फवारणीच्या डब्यांवरबी असतोय. पेस्टिसाइड, हर्बिसाइड... साइड म्हंजे मारणारं!"

पिंकीच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तडक काकांकडे धावली.

"काका, त्या पिंपांत किडे मारायचं विष हुतं!"

"गप गं! धुतल्यात ती. वाल्मीकशेठ काय येडा हाय? लई शाणी झालीस!"

मोठ्यांना काही सांगायला जा, हेच ऐकायचं! पिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

पिंपं विकणारे वाल्मीकशेठ अजून टेम्पोजवळच उभे होते. जन्नतनं पिंकीच्या कानात काहीतरी सांगितलं. पिंकीनं पिंपात आधीच पडलेलं थोडं पाणी पेल्यात घेतलं आणि सगळ्यांदेखत अदबीनं पुढं केलं.

"शेठ, हळदीच्या घरी आलात. पाणी घ्या!"

"नको, आत्ताच चहा झालाय."

"घोटभर तरी!"

"नको म्हणलं ना!"

"घ्या की शेठ, पोरगी मानानं देतीया," काका म्हणाले.

शेठ मागं सरकले. "अवं, ह्ये पाणी वापरायला. प्यायला न्हाई."

"तुमी पिणार न्हाई, अन् आमच्या पाव्हण्यांनी प्यायचं व्हय?" पिंकी कडाडली.

मग काकांचा जो पारा चढला! पिंपं परत टेम्पोत चढली, पण त्याआधी निरंजननं प्रत्येकावर लाल रंगानं ठळक लिहिलं: विष. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ती मारता येऊ नयेत!

"पोरांनी घर वाचवलं!" आजूबाजूच्या बायका म्हणाल्या. काकांनी पिंकीच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास, पोरी."

पिंकीनं तो हात बाजूला केला.

"शाबासकी राहू द्या, काका. पुढच्या टायमाला आधी ऐका!"

काकांनी मान खाली घातली. "व्हय, बाई. ऐकतो."