जमीन विकली, घर निघालं

“घराची मी काही किंमत धरलेली नाही हं! हे लाकूड म्हणजे नुसतं जळण.”

राजधानीहून आलेल्या इग्नासियोसाहेबांनी असं म्हणत स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाने टकटक केली, आणि एदुविनाच्या हातातली सुरी अर्ध्या सोललेल्या बटाट्यात तशीच थांबली. तिने चटकन भावाकडे पाहिलं. एर्नान खिडकीशी पाठमोरा उभा राहून खाडीकडे बघत होता... बहिणीच्या नजरेला नजर द्यायचं धैर्य त्याच्यात नव्हतं!

“कसली किंमत, एर्नान?”

“ताई, जेवण झाल्यावर मी तुला सांगणारच होतो...”

“आत्ता सांग. बटाटे काही पळून जात नाहीत.”

मग त्याने सांगितलं. किनाऱ्याची सगळी जमीन तो विकत होता. साहेबांना इथे उन्हाळ्यात राहायला बंगला बांधायचा होता. आलेल्या पैशांतून एर्नान पोर्तो मोंत शहरात फ्लॅट घेणार होता, मुलगी तिथेच कॉलेजात होती. “त्यात एक खोली तुझी, ताई. इथे तू एकटी. डॉक्टर हवा म्हटलं तरी बोटीची वाट बघायची. किती दिवस असं चालायचं?”

तो प्रेमानेच बोलत होता, हे एदुविनाला कळत होतं, आणि म्हणूनच काळजात जास्त रुतत होतं. ठरवलं सगळं आणि विचारलं काहीच नाही! आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता आणि ती पंधराची. तिच्याच कुशीत झोपून तो मोठा झाला. वडिलांनी जिवंतपणीच वाटण्या केल्या होत्या, किनारा मुलाला आणि मागचं रान मुलीला. चिलोएच्या या बेटावर मुलीच्या नावावर रान असणं म्हणजे केवढी गोष्ट! लग्न करून त्या रानात घर बांधायचं, असं तिचं आणि सेलेदोनियोचं ठरलंही होतं. पण एर्नान अठराचा झाला, आणि वाल्पाराइसोच्या नाविक शाळेचं स्वप्न त्याच्या डोळ्यांत दिसू लागलं... एके दिवशी एदुविना बोटीने तालुक्याला गेली, नोटरीच्या कचेरीत सही करून रान विकून आली, आणि सेलेदोनियोला म्हणाली, “माझी वाट बघू नकोस.” तो तरीही दोन वर्षं थांबला. मग त्याने खाडीपलीकडच्या आउदोलियाशी लग्न केलं. रान वडिलांचंच होतं आणि त्यांनीच विकलं, अशी एर्नानची आजवर समजूत होती.

“साहेब,” ती शांतपणे म्हणाली, “घर तुम्हाला नकोच ना?”

“छे! उलट पाडायचाच खर्च.”

“मग मी घेऊन जाते.”

साहेब हसले. “घेऊन जाता? कसं, पिशवीत घालून?”

“समुद्रावरून,” एदुविना म्हणाली, आणि पुन्हा बटाटा सोलू लागली.

एर्नान गर्रकन वळला. “ताई, वेडी झालीस का? ओढून न्यायचं तरी कुठे? तुझी जागा कुठे आहे?”

‘होती रे बाळा!’ हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले... आणि तिने ते गिळले. इतकी वर्षं गिळले होते, आता या परक्या माणसासमोर कशाला काढायचे?

पण जागा तर हवीच होती. पुढचे तीन आठवडे ती जमिनीच्या शोधात किनारा न् किनारा फिरली. जिथे जाईल तिथे आधीच कुणीतरी शहरातला माणूस येऊन भाव वाढवून गेलेला! बेटावर विकाऊ जमिनीच्या पाट्या तर जागोजागी होत्या, पण तिच्या ऐपतीतली एकही नव्हती. शेवटी कुणीतरी म्हणालं, खाडीपलीकडे आउदोलियाबाईंकडे उताराचा एक तुकडा पडून आहे. सेलेदोनियोची विधवा! त्या दारात आजवर तिने पाऊल ठेवलं नव्हतं... सेलेदोनियोच्या मयतीलासुद्धा ती चर्चच्या शेवटच्या बाकावरूनच परतली होती.

आउदोलियाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. जाडजूड, लाल गालांच्या, बोलायला फटकळ.

“ये. उभी का? कोंबड्या चावत नाहीत.”

“आउदोलियाबाई, खालचा तुकडा विकायचाय म्हणे. भाव काय धरलाय?”

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“एदुविना, मला पंचवीस वर्षं चांगला नवरा लाभला. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने मला सगळं सांगितलं होतं, तू का नाही म्हणालीस तेही. माझ्या पदरात जे पडलं, ते तू तुझ्या पदरातून सोडलेलं होतं! आणि आता तू मला भाव विचारतेस?”

“पण कागदावर काहीतरी आकडा...”

“एक मेंढी लिहू. म्हातारी मेंढी! नोटरी हसला तर हसू दे.”

एदुविनाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ज्या बाईच्या सावलीला ती आयुष्यभर भ्यायली, तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून ती ओक्साबोक्शी रडली, आणि आउदोलियाबाई आपल्या दाण्यांनी माखलेल्या हाताने तिची पाठ थोपटत राहिल्या.

मग ती रीतीप्रमाणे दारोदार गेली आणि मिंगाला, म्हणजे सगळ्यांनी मिळून घर ओढायला, या म्हणून विनवलं. मिंगाला मजुरी नसते. मागणाऱ्याने हात जोडायचे, आणि काम झालं की सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. रोसामेल हा बैलवाल्यांचा म्होरक्या. तो म्हणाला, “एदुविनाताई, आमच्या घरातली तीन पोरं तुझ्या हातावर जन्मली. बैल काय, बैलांच्या जागी आम्ही स्वतःला जुंपून घेऊ!”

फेब्रुवारीतली अमावस्या जवळ आली. त्या सुमाराला भरती सर्वांत मोठी. आदल्या दिवशी दारं-खिडक्या काढल्या, चूल उतरवली, आणि पाया सोडवून घराखाली दोन अजस्र ओंडके घातले. सकाळी बैलांच्या अकरा जोड्या जुंपल्या गेल्या. रोसामेलने आरोळी ठोकली, सत्तर-ऐंशी माणसांनी एका दमात दोर ताणले, आणि... घर हललं!

एदुविनाने छातीवर क्रूसाची खूण केली. याच घराची एकेक फळी तिने वडिलांबरोबर ठोकली होती, याच्या कोपऱ्याकोपऱ्यातला अंधार तिला तोंडपाठ होता. ते घर आज एखाद्या वृद्ध महापुरुषासारखं जागेवरून उठलं होतं आणि करकरत, डुलत, गवतावरून समुद्राकडे निघालं होतं! तिचं अंतःकरण विस्मयाने इतकं भरून आलं की दुःखाला जागाच उरली नाही.

ओहोटीच्या वाळूवर घर उभं राहिलं. चारी बाजूंना रिकामी पिंपं बांधली, पुढे तीन लाँचा दोर लावून सज्ज झाल्या. पाणी चढू लागलं. उंबरठ्याला लागलं, आत शिरलं... एक बाजू उचलली गेली. पण किनाऱ्याकडचा मागचा कोपरा चिखलात रुतून बसला! लाँचांनी जोर केला तशी सबंध चौकट कण्हली. एक दोर तुटून सपकन पाण्यावर आपटला.

“थांबा! मोडेल!” रोसामेल ओरडला. “भरती उतरायला लागली तर संपलंच.”

एदुविना कमरेइतक्या पाण्यात जाऊन भिंतीला दोन्ही हात लावून उभी राहिली, जणू तिच्या हातांनी ते उचललं जाणार होतं! तेवढ्यात तालुक्याकडून एक बोट वेगाने आली, आणि ती किनाऱ्याला लागायच्या आतच कोटासकट एका माणसाने पाण्यात उडी टाकली. तो एर्नान होता! आज त्याची नोटरीकडे सही होती, तो इथे येणारच नव्हता. त्याच्या मागे बोटीत इग्नासियोसाहेब आ वासून उभे होते.

एर्नान बहिणीकडे न बघता पोहत घराला वळसा घालून आला. आयुष्यभर जहाजांवर वावरलेली त्याची नजर होती ती.

“रोसामेल, सरळ ओढू नका! मधली लाँच डावीकडे घ्या, कोपरा फिरवून काढायचाय. पुढची चार पिंपं सोडा, मागे बांधा. लवकर!”

त्याने स्वतः बुडी मारली. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा तो वर यायला वेळ लागला, तेव्हा एदुविनाच्या तोंडून किंकाळी फुटली, “एर्नान! राहू दे रे घर!” पण तो वर आला, ओठ निळे पडलेले, आणि त्याने हात उंचावला. लाँचांनी बाजूने दोर ताणला. चिखलाने एक मोठा उसासा टाकला, आणि सबंध घर एकदम, हलकेच, तरंगू लागलं!

बायकांनी तोंडावर हात धरले, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. निळ्या खाडीवर एक लाकडी घर चाललं होतं, छपरासकट, धुरांड्यासकट, शांतपणे! मग एकच जल्लोष उठला, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून चर्चची घंटा वाजू लागली.

इग्नासियोसाहेब गुडघाभर पाण्यात एदुविनाजवळ आले. त्यांचे महागडे बूट भिजून गेले होते. “बाई, मी चुकलो,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “त्याला मी जळण म्हणालो. आता घराची सांगाल ती किंमत देतो.”

“ते विकाऊ नाही, साहेब,” ती म्हणाली. “पण आज तुम्ही आमच्याबरोबर जेवायचं.”

ती वाळूवर आली, तसा एर्नानही कुडकुडत वर आला आणि सर्वांदेखत बहिणीच्या पायांशी वाळूत बसला.

“ताई... आज नोटरीने जमिनीच्या चतुःसीमा वाचल्या. दक्षिणेला समुद्र, उत्तरेला रान. ‘हे रान पूर्वी एदुविना बारिया हिच्या मालकीचं, तिने मार्चमध्ये विकलेलं.’ मी वर्ष विचारलं. ताई, त्याच महिन्यात मी वाल्पाराइसोला गेलो होतो! तुझं रान, तुझं लग्न, सगळं मी नेलं... आणि वर तुलाच विचारलं, तुझी जागा कुठे आहे! का नाही बोललीस?”

“बोलले असते तर तू गेला असतास?”

तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “मी सही केली नाही. पेन तिथेच टाकून आलो. हा व्यवहार मोडतो मी.”

एदुविनाने आपली शाल काढून त्याच्या खांद्यांवर टाकली. “मोडायचा नाही. माणसाला शब्द दिलायस. उद्या जा, सही कर, पोरीला घर घेऊन दे. मला राग जमिनीचा नव्हता रे... तू मला विचारलं नाहीस, एवढंच लागलं होतं.”

“यापुढे विचारल्याशिवाय श्वाससुद्धा घेणार नाही!”

“आता घे,” ती डोळे पुसत म्हणाली. “निळा पडलायस.”

पलीकडे बैल वाट बघतच होते. संध्याकाळपर्यंत घर आउदोलियाबाईंच्या उतारावर जाऊन बसलं. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस आणि बटाट्याच्या किसाचे जाड रोट, मिल्काव, शिजत होते, वर मोठमोठी पानं झाकलेली होती. सफरचंदाच्या दारूचे पेले फिरले. इग्नासियोसाहेब रोसामेलशेजारी बसून बोटं चाटत होते. आउदोलियाबाई म्हणाल्या, “साहेब, घर ओढायला हात लावला असतात तर अजून एक बटाटा मिळाला असता!” सगळे खदाखदा हसले, आणि सर्वांत मोठ्याने साहेबच.

सकाळी एदुविनाला जाग आली ती डोळ्यांवर पडलेल्या उजेडाने. ती दचकून उठली. जुन्या जागी घराची पाठ डोंगराला होती, स्वयंपाकघरात दुपारपर्यंत दिवा लागायचा. इथे उतारामुळे बैलांनी घर उलटं फिरवून ठेवलं होतं, आणि अजून दारं-खिडक्या बसवायच्या होत्या. त्या मोकळ्या चौकटींतून, खाडीवरून, सोनेरी ऊन थेट स्वयंपाकघरात शिरलं होतं. साठ वर्षांची ती बाई आपलंच स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहत असल्यासारखी उभी राहिली... भिंतींतलं लाकूड काळं नव्हतंच मुळी, मधासारखं तांबूस होतं!

एर्नान चुलीपाशी गुडघ्यांवर बसून फुंकर घालत होता. त्याचे पिकलेले केस विसकटलेले, डोळे धुराने लाल. ती सवयीने पुढे झाली, तसा त्याने हात आडवा धरला.

“बस, ताई. आज किटली मी ठेवतो.”

एदुविना बाकावर बसली. हात मांडीवर ठेवले, रिकामे. आणि पाणी उकळेपर्यंत ती तशीच बसून राहिली, उन्हात.