न काढलेली रेघ

शनिवारी दुपारी पावणेचार वाजता, पेणच्या उपकरण चाचणी केंद्रात, केतकी समेळने न काढलेली एक रेघ पडद्यावर उमटली.

तिचे पेन त्या वेळी टेकलेलेही नव्हते. अर्धे बोट वर होते. डोळ्याच्या वरच्या पापणीची रेघ तिने निम्म्यावर आणली होती आणि श्वास घ्यायला हात उचलला होता. उरलेली रेघ आपली आपण पुढे सरकली, कोपऱ्यात वळली आणि थांबली. डोळा पुरा झाला.

केतकीने पेन टेबलावर ठेवले, तापलेली पळी ठेवावी तसे.

"बाबा, ही मी नाही काढली."

तिचे बाबा, रमाकांत समेळ, पडद्याशी वाकले. प्लॅस्टरमधला उजवा हात छातीशी धरून ते डोळ्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

हा प्रकार समजायला थोडे मागे जायला हवे. चंद्रावरच्या चंद्रवाडी वसाहतीत यंदा पहिल्यांदाच गणपती बसणार होता. तिथल्या मुलांनी चंद्राच्या मातीपासून यंत्रावर मूर्ती घडवून घेतली होती. सोंड झाली, कान झाले, मोदकही झाला. डोळे तेवढे राहिले. मूर्तीचे डोळे रंगवण्याला पेणमध्ये आखणी म्हणतात, आणि ते कोणाही सोम्यागोम्याचे काम नव्हे. मुलांनी समेळांच्या कारखान्याला विचारले. रमाकांतांनी हो म्हटले आणि त्याच आठवड्यात ते माळ्यावरून पडून मनगट मोडून बसले. कारखान्यात आखणी करणारा दुसरा हात एकच होता. तो बारा वर्षांच्या केतकीचा. दोन वर्षे ती वीतभर मूर्तींचे डोळे काढत होती.

केतकी पेणमध्ये पाटीवर रेघ काढणार, पाटी ती रेघ चंद्रावर पाठवणार आणि तिथला यंत्रहात कुंचल्याने तीच रेघ मूर्तीवर ओढणार, असे ठरले. चंद्राची माती तहानलेली असते. रंग टेकला की पिऊन टाकते. पुसता येत नाही, सुधारता येत नाही. त्या दिवशी संपर्काची वेळ साडेपाच ते सहा एवढीच होती, आणि चतुर्थी परवावर आली होती.

"उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं," रमाकांत सकाळी म्हणाले होते. "आपल्या शेळ्या थेट चंद्रावर."

पाटी कोणती घ्यायची, हे ठरवायला बापलेक केंद्रात आले होते. पाटी म्हणजे ड्रॉइंग टॅब्लेट. टेबलावर अशा तीन मांडलेल्या होत्या आणि टेबलामागे मापाडी उभा होता. मापाडी हा केंद्रातला यंत्रमानव. पूर्वी बाजारात धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणत, त्यावरून त्याचे नाव पडले.

"मी मत देत नाही," त्याने आल्या आल्या सांगितले. "माप देतो. निवड तुमची."

केतकीने पहिले पेन उचलले आणि सवयीने त्याचे टोक ओठांशी नेले. कुंचल्याचे केस असेच ओले करून टोकदार करायचे असतात.

"ताई, ते प्लॅस्टिक आहे," मापाडी म्हणाला. "चोखून टोक येत नाही."

केतकीने पेन खाली घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. चार्जिंगचे भोक नव्हते. सेलची जागा नव्हती. "यात वीज कुठून येते?"

"पाटीतून."

"वायर कुठाय?"

"नाही. तुमच्याकडे तंबोरा वाजवतात का कोणी?"

"शेजारच्या पाध्येकाकू."

"दोन तारा एकाच सुरात लावल्या आणि त्यांतली एक छेडली, तर दुसरी न छेडताच गुणगुणते. याला रेझोनन्स म्हणतात (एका सुराने दुसऱ्याला जागे करणे). पाटीच्या पोटात तारांची जाळी आहे. ती क्षणभर विजेच्या लहरी सोडते. पेनात एक कॉइल आहे (तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे). ती त्याच सुरात लावलेली असते, म्हणून ती जागी होते. मग पाटी गप्प बसते आणि ऐकते. जाळीतल्या ज्या तारेला पेनाचे गुणगुणणे सर्वांत मोठ्याने ऐकू येते, तिथे पेन आहे. सेकंदाला शेकडो वेळा हे चालते."

केतकीने पेन कानाशी धरले.

"तुम्हाला नाही ऐकू येणार," मापाडी म्हणाला. "पेन दाबले की त्याचा सूर किंचित बदलतो. त्यावरून दाब कळतो. दाब जास्त तर रेघ जाड. आणि पेन जरासे उचललेले असले, तरीही पाटीला ते कुठे आहे ते ठाऊक असते."

"म्हणजे मी हात हवेत धरला तरी तिला दिसतं?"

"जवळ असेल तर."

हे ऐकून केतकीला अंगावर पाल पडल्यासारखे वाटले. कागद कधी आपल्याकडे बघत नाही.

पहिल्या पाटीला पडदा नव्हता. पाटीवर हात चालवायचा आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर बघायचे. तिने पाट फिरवावा तशी पाटी डावीकडे फिरवली आणि रेघ ओढली. पडद्यावर ती भलतीकडेच पळाली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच.

"बिघडलीय ही."

"बिघडलेली नाही," मापाडी म्हणाला. "तुम्ही ती फिरवली."

पेणच्या कारखान्यांत मूर्ती फिरत्या पाटावर असते. माणूस वाकत नाही, हात वाकडा करत नाही. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवतो आणि मूर्तीच फिरवून घेतो. केतकीचा हात तसाच घडला होता. पण बिनपडद्याच्या पाटीची वरची बाजू ठरलेली असते. पाटी फिरली तरी समोरचे चित्र फिरत नाही, म्हणून हाताची दिशा आणि रेघेची दिशा यांची फारकत होते. शिवाय ही पाटी वहीएवढी होती. करंगळी टेकवायला गेले की ती काठाबाहेर जाई.

"ही नको," रमाकांत म्हणाले. "हिच्यावर गणपती तिरळा व्हायचा."

दुसऱ्या पाटीला स्वतःचाच पडदा होता. पेन टेकेल तिथेच रेघ दिसे, आणि पाटी फिरवली की चित्रही सोबत फिरे. काच पातळ होती, त्यामुळे पॅरॅलॅक्स (काचेच्या जाडीमुळे पेनाचे टोक एकीकडे आणि रेघ दुसरीकडे दिसणे) जवळपास नव्हता. केतकीने करंगळी टेकवली आणि डोळा काढला. रेघ तिच्या हाताच्या किंचित मागून येत होती.

"वरातीमागून घोडं," ती म्हणाली.

"त्याला लेटन्सी म्हणतात (हात हलल्यापासून रेघ दिसेपर्यंतचा उशीर). इथे तो पापणी लवण्याहून कमी आहे. चंद्राचा जास्त असेल. प्रकाशाला तिथे जायला सव्वा सेकंद लागतो आणि यायलाही तेवढाच. यंत्रहाताचे चित्र तुम्हाला अडीच सेकंदांनी दिसेल. त्याला कोणाचा इलाज नाही."

"तिसरीवर?"

"तिसरीवर उशीर दिसत नाही," मापाडी म्हणाला.

तिसरी पाटी सर्वांत महाग आणि सर्वांत नवी होती. तिच्यावर रेघ पेनाच्या टोकाला चिकटून चाले. केतकीच्या हाताचा बारीक थरकापसुद्धा त्यात दिसेना. तिने पाच-सहा डोळे काढले. सगळे साच्यातून काढल्यासारखे सुबक आले. रमाकांतांचाही चेहरा उजळला. मग तिने वरची पापणी अर्ध्यावर सोडून हात उचलला. पावणेचार वाजले होते.

"मापाडी, ही काय भानगड आहे?" रमाकांतांनी विचारले.

"उशीर लपवायचा एकच मार्ग आहे. अंदाज. तुमचा हात कुठे जाणार, हे पाटी आधी ठरवते आणि तिथपर्यंत रेघ काढून ठेवते. अंदाज चुकला तर गुपचूप पुसते. बरोबर आला तर तुम्हाला कळतही नाही. आत्ता तुम्ही हात मध्येच उचललात; अंदाज चुकल्याचे तिला दिसले नाही, म्हणून तिने पुसले नाही."

"म्हणजे वरात निघायच्या आधीच घोडं मांडवात," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात गंमत नव्हती. "आधीचे पाच-सहा डोळे? ते माझे होते ना?"

"मोजून सांगतो." मापाडीने पाटीला तार जोडली. "शेवटच्या डोळ्यात तुमच्या हाताची रेघ निम्म्याहून कमी आहे. बाकी अंदाज."

जिन्याची शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसे केतकीला वाटले. मघाशी तिला स्वतःचा अभिमान वाटला होता.

"ते सोड," रमाकांत म्हणाले. "हा कोपरा बघ."

बाहेरच्या कोपऱ्यात रेघ वर चढली होती, मग किंचित दबली होती, मग संपली होती. केतकीने तो दबका हजारदा पाहिला होता. लहानपणी रमाकांतांच्या अंगठ्यात खिळा गेला होता आणि तेव्हापासून तो पुरता वळत नसे. रेघ संपताना त्यांचा कुंचला म्हणून दबायचा. गिऱ्हाईक त्याला 'समेळांचा डोळा' म्हणून मागत, आणि रमाकांत मात्र लेकीला सांगत, की ही खोड आहे, कला नाही, उचलू नकोस.

"तुम्ही या पाटीवर कधी काढलंत?" केतकीने विचारले.

"मी आयुष्यात कुठल्याच पाटीवर नाही काढलं."

"मग हिला तुमचा अंगठा कसा माहीत?"

दोघांनी मापाडीकडे पाहिले. "ही पाटी लाखो चित्रे पाहून अंदाज करायला शिकली आहे," तो म्हणाला. "चित्रे कोणाची, हे माहितीपत्रकात दिलेले नाही. तुमच्या मूर्तींचे फोटो लोक काढतात का?"

"दर वर्षी. घरोघरी."

"मग शक्य आहे. खात्रीने सांगता येत नाही. कंपनीला आत्ताच विचारले आहे."

रमाकांत स्टुलावर बसले. केतकी म्हणाली, "मग मी कशाला हवी? हिलाच काढू दे. तुमचा डोळा मिळेल त्यांना. मुलांना तोच हवा होता."

"केतू, त्यांना आखणी हवी होती. आखणी म्हणजे कोणीतरी समोर बसून, श्वास धरून, आता याला दिसू दे म्हणून काढलेली रेघ. हिने माझी खोड उचलली. माझा खिळा कुठून आणणार?"

"आणि माझी वाकडी आली तर?"

"तर वाकडी. तुझी पहिली मूर्ती बघितलीस ना? झोपेतून उठवल्यासारखी दिसते. तरी गेली की नाही?"

"आत्याने घेतली, बाबा."

"घेतली ना."

केतकीने तिसऱ्या पाटीचे पेन तिच्या खोबणीत परत ठेवले आणि दुसरी पाटी ओढली. "मापाडी, हिच्यात अंदाज आहे?"

"नाही. रेघ गुळगुळीत करायची सोय आहे. काढून टाकू?"

"काढ. थरथरली तर थरथरू दे."

साडेपाचला केंद्रातूनच चंद्रवाडीशी संपर्क लागला. तिकडून यंत्रहात सांभाळणारे इब्राहीम मुकादम बोलत होते. ते मूळचे महाडचे. त्यांच्यामागे मुलांचा गलका होता.

"काय समेळबाई, हात धुतलेत का?"

केतकीचे उत्तर पोचायला आणि त्यांचे हसू परत यायला अडीच सेकंद गेले. केतकीने ते मनात मोजले. हे अंतर खरे होते आणि पाटी ते लपवत नव्हती. पडद्यावर मूर्तीचा कोरा चेहरा आला. तिने करंगळी गालावर टेकवली, पाटी फिरवली आणि उजव्या डोळ्याची रेघ ओढली. मध्यावर श्वास सुटला. हात किंचित अडखळला. तिने रेघ तशीच पुढे नेली, बुबुळ भरले आणि पेन उचलले. पेन हवेत असताना काहीही उमटले नाही.

मग चित्र आले. काळ्या-करड्या चेहऱ्यावर एक डोळा उघडला होता. वरच्या पापणीत, मध्यावर, तीळभर जाड गाठ होती.

तिकडचा गलका एकदम थांबला.

"उजवा उघडला," मुकादम हळू आवाजात म्हणाले. "रागावल्यासारखा वाटतोय जरा."

"रागावला नाही, काका. विचारतोय."

"काय विचारतोय?"

"मला काय माहीत. मी नुसता उघडलाय."

रमाकांतांनी डोळा बराच वेळ बघितला. त्यात दबका नव्हता. "हा आपल्याकडचा नाही," ते म्हणाले. "हा तुझ्याकडचा."

डाव्या डोळ्याला केतकीने जास्त वेळ घेतला. उजव्याची गाठ डाव्यात आणायची की नाही, यावर ती अडली होती. शेवटी ते हातावर सोडून तिने रेघ ओढली. मापाडीने ती पाठवली आणि पडद्यावर खरखर आली. संपर्काची वेळ संपली होती.

पुढचा संपर्क उद्या सकाळी आहे. चंद्रवाडीतल्या आठ मुलांनी संपर्क तुटण्याआधीच आपल्यालाही आखणी शिकायची आहे असे कळवले असून, पहिला धडा केतकीने घ्यावा, असे मुकादमांचे म्हणणे आहे. कंपनीचे उत्तर आलेले नाही. खरखरीतूनच चंद्रावरून शेवटचा जो संदेश आला, तो एका ओळीचा आहे: यंत्रहात डाव्या डोळ्यापाशी पोचला आहे, कुंचला टेकला आहे.