चौपन्न की एकसष्ट

काट्यावर उभी राहिले तर आकडा आला एकसष्ट.

"चुकतोय तुमचा काटा," मी म्हटलं. "मी चौपन्न किलो आहे. कालच पाहिलंय."

"घरचे काटे मेले गोड बोलतात," तंत्रज्ञ बाई हसल्या आणि स्वतः चढल्या. त्यांचं बहात्तर आलं. "माझ्याशी कधी खोटं बोलत नाही, बघा. चढा परत."

एकसष्ट. अंगावर दवाखान्याचा सुती झगा, पायात चपलासुद्धा नाहीत.

एमआरआयसाठी शिरेतून जे औषध देतात ते वजनावर ठरतं, किलोमागे दोन दशांश मिली. गाठ वाईट असेल तर ते औषध पिऊन चित्रात उजळते. कमी पडलं तर लपून राहू शकते. माझी डाव्या स्तनात, बोराएवढी. मुलगी पाच महिन्यांची. चित्र नीट यायला हवं होतं, यापलीकडे आठवडाभर मला काही सुचतच नव्हतं.

सात किलो जास्त. सोमवारी लस देताना मुलीचं वजन बरोबर सात भरलं होतं. घरी आम्ही तिला गाठोडंच म्हणतो. सकाळी तिच्या टाळूचा वास घेऊन तिला नणंदेच्या हातात दिलं, तेव्हापासून ती घरी आहे. सात किलोंचं हे मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार?

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "काटा म्हणेल ते. बारा पूर्णांक दोन मिली द्या."

पालथी झोपले. खालच्या दोन खोबणींत स्तन सोडले. दूध दाटून आलं होतं. यंत्राची ठोकाठोक सुरू झाली. मग हातात गार धार शिरली, कोपरापर्यंत चढली आणि तिथंच नाहीशी झाली.

"हात दुखतोय?" बाईंनी हेडफोनमधून विचारलं. आवाजात आता हसू नव्हतं.

"नाही."

"सुजलाय?"

"नाही हो."

बऱ्याच वेळाने मला बाहेर काढलं. काचेपलीकडे डॉक्टर पडद्यासमोर उभे होते. दार उघडंच होतं.

"अर्ध्या मिनिटात हृदय तरी उजळायला हवं," ते बाईंना म्हणाले.

पडद्यावर माझी छाती काळीच होती. सिरिंज रिकामी, सुई शिरेत.

"औषध गेलं कुठे?"

बाईंनी येऊन माझा हात कोपरापासून दंडापर्यंत दाबून पाहिला.

गाठ वाईट की साधी, कळलंच नाही. कपडे बदलताना फोन वाजला. नणंद कुजबुजत होती.

"वहिनी, घाबरू नकोस. झोपलीये ती शांत. पण पडदे ओढले, दिवा बंद केला..."

"मग?"

"तरी तिच्या हातातल्या शिरा दिसताहेत मला. पांढऱ्या."