वायरीकडे न बघता

कळंब्याच्या दूध संस्थेतलं फॅट मोजायचं मशीन चार महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडलं, आणि ऋतुराजची अन् क्रांतीची पहिली भेट झाली ती टेबलाखाली. तो मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर, ती संस्थेत दूध मोजणारी. मशीनपासून कॉम्प्युटरला जाणाऱ्या वायरीची पिन वाकली होती. बाहेर किटल्यांची रांग, आणि दारात चेअरमन आण्णा.

"चूक हिचीच हाय, असं लिवून द्या," आण्णा म्हणाले. "उद्यापासनं दुसरं माणूस ठेवतो."

ऋतुराजने फॉर्म काढला. 'कारण : हाताळणीतील चूक' हे त्याच्या पेनाला पाठच होतं.

"पावणं, लिवायच्या आधी एकदा लावून बघा की!" क्रांतीने त्याच्या हातांवर तांब्याभर पाणी ओतलं. "हात असं वल्लं. नजर रांगेवर. हं, लावा."

वायर लागेना. उलटी झाली, सुलटी झाली... मग कट्ट! दुसरी पिन वाकली. रांग पोट धरून हसली. ऋतुराजला मात्र हसू आलं नाही, कारण ती वायर त्यानेच डिझाइन केली होती. त्याने लिहिलं, 'कारण : आमची वायर', आणि नवी वायर होईपर्यंत क्रांतीला काढू नका म्हणून आण्णांकडून महिन्याची मुदत मागून घेतली.

मग दर शनिवारी तो नवा नमुना घेऊन येऊ लागला. अट एकच – वायरीकडे बघायचं नाही. फॉर्मवर तसा रकानाच होता : 'जोडताना नजर कुठे?'

"कॅलेंडरवर," क्रांती सांगायची. "बनाबाईच्या किटलीवर... पाणी घातलंय तिनं." तो तेही इमानेइतबारे लिहायचा. "अंगठ्याला खाच द्या की जरा. बोटास्नी कळाय पायजे बाजू कुठली ते."

पुढच्या शनिवारी खाच आली. ऋतुराज प्रेमात पडला होता. नेमका कधी, याची फॉर्मवर नोंद नाही.

शेवटच्या शनिवारी आण्णा स्वतः समोर उभे राहिले. क्रांतीने हात ओले केले. नोकरी जाणार की राहणार, ते आता त्या खाचेवर होतं. टक्! पहिल्याच फटक्यात वायर बसली. दहा वेळा काढली, दहाही वेळा बसली.

"ऱ्हाऊ दे हिलाच," आण्णा पुटपुटले आणि निघून गेले.

ऋतुराजने मान खाली घालून रकाना गाठला. "नजर कुठे? कॅलेंडरवर?"

"न्हाय."

"रांगेवर?"

"रांग कवाच गेली की."

पेन थांबलं. त्याने मान वर केली...

"लिवा की, पावणं," ती म्हणाली, "तुमच्याकडं."

"दहाही वेळा?"

"व्हय."

तेवढा रकाना त्याने कोराच ठेवला. जरा वेळाने धीर करून विचारलं, "पुढच्या शनिवारी येऊ? म्हणजे... काम तसं काहीच नाही."

"मग लवकर या की," क्रांती म्हणाली.