गोड लागतंय का?

जायचं होतं तिला शेजारच्या छापखान्यात, आणि शिरली ती फर्निचरच्या कारखान्यात. दोन्ही दारं निळी, त्यात तिचा तरी काय दोष!

आत एक दाढीवाला टेबलावर पॉलिशचा हात फिरवत होता. तिला बघताच त्याने फडकं खांद्यावर टाकलं.

"या ना! कपाट बघायचंय की टेबल?"

"ती खिडकी... उघडत का नाही तुम्ही?"

"धूळ येते हो. ओल्या पॉलिशवर बसते."

"आणि हा थिनरचा वास? डोळे चुरचुरायला लागले माझे!"

त्याने छाती भरून श्वास घेतला. "वास? मला तर काहीच येत नाही."

"तेच तर!" असं म्हणून तिने पिशवीतून ओळखपत्र काढलं. कामाच्या ठिकाणची हवा तपासणं हीच तिची नोकरी. नाकाला सवय झाली की वास जातो, धोका जात नाही, हे तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

दाढीवाल्याचा चेहरा पार पडला. "म्हणजे... कपाट नकोच तुम्हाला?"

आणि ती, जी कामावर असताना कधी हसत नसे, खुदकन हसली. झालं! तिथेच सगळा घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन हजर. तळहाताएवढा पंप त्याच्या पट्ट्याला अडकवायचा आणि नळी कॉलरला, नाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर. माणूस ओढतो तीच हवा मोजायची, खोलीच्या कोपऱ्यातली नाही. आता कॉलरला चिमटा लावायचा तर जवळ जावंच लागणार ना?

"श्वास रोखू नका," ती खाली बघत म्हणाली.

"मग तुम्ही जरा लांब उभ्या राहा."

"लांबून चिमटा लागत नाही."

"मग मीही काही करू शकत नाही, मॅडम."

कोपऱ्यात कपाटाच्या कडा रंगवत बसलेली त्याची आत्या गालातल्या गालात हसली. दोघं मिळून हा कारखाना चालवत. आत्याचं डोकं रोज संध्याकाळी ठणकायचं, आणि ती त्याचं खापर चष्म्यावर फोडायची. चष्मा बिचारा निर्दोष होता. हवेचा निकाल आला तो इतका वाईट, की तपासनीसबाईंनी पॉलिशची खोली बंदच करायला लावली. त्या सही करतील तेव्हाच उघडायची.

"अहो, मी मास्क घालतो की!" तो काकुळतीला आला.

"मास्क सगळ्यात शेवटी. आधी वाफ येते कुठून ते बघू."

आणि तिने त्याला खरोखर कामाला लावलं. उग्र थिनर गेलं, पाण्यात मिसळणारं पॉलिश आलं. प्रत्येक डब्यावर झाकण आलं. खिडकीला बारीक जाळी बसली. हवा बाहेर फेकणारा पंखा इतकी वर्षं त्याच्या पाठीमागे होता, म्हणजे सगळी वाफ त्याच्या नाकासमोरून ओढून नेत होता. तो समोरच्या भिंतीत गेला. आत्याची डोकेदुखी थांबली. "चष्म्याला उगीच शिव्या घातल्या गं," ती म्हणाली. राहिलं फक्त फवारणीचं काम. त्याला मास्क हवाच, आणि मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटायला हवा.

"दाढी काढावी लागेल," ती म्हणाली.

"ही?" त्याने दाढी दोन्ही हातांनी धरली.

"काढ रे बाबा काढ!" आत्या ओरडली. "तुझं तोंड बघून जमाना झाला!"

तो दाढी करून आला, आणि ती मास्क उलटाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. इतकी सुरेख हनुवटी इतके दिवस लपवून ठेवायची म्हणजे काय!

"सुरू करू या ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो... हो. करू या."

चाचणी तशी गमतीची. मास्क घालायचा, वरून डोक्यावर पारदर्शक टोपडं. त्या टोपड्यात ती गोड पाण्याचा फवारा मारणार. मास्क नीट बसला असेल तर जिभेला काहीच लागत नाही. कुठे फट असेल तर गोड लागतं.

"आता मोठ्याने बोला. काहीही. जबडा हलला पाहिजे."

"एक बाई आहे," मास्कमधून घुमणारा आवाज आला. "चुकीच्या दारातून आली... आणि आता तिचं पाऊल वाजलं नाही तर दिवस सुना वाटतो..."

तिचा फवाऱ्यावरचा हात थांबला. "गोड... गोड लागतंय का?"

"लागतंय."

म्हणजे नापास. तिने दुसऱ्या मापाचा मास्क आणला. गोड. तिसरा आणला. तोही गोड! खोली बंदच राहिली, आत्याच्या कपाटांवर धूळ साचू लागली, आणि तपासनीसबाईंची झोप उडाली. मास्क तर डोळ्यांना अगदी चपखल दिसत होता. मग चुकतंय कुठे? की त्याला बघितलं की आपलीच नजर धड राहत नाही?

पुढच्या खेपेला तिने गुपचूप फवाऱ्यात साधं पाणी भरलं.

"गोड लागतंय का?"

"लागतंय की! आज तर फारच."

तिने टोपडं वर उचललं. "नळाचं पाणी होतं."

आत्याचा ब्रश हवेतच थांबला.

"गंमत वाटली तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "आज तुम्ही खोटं 'हो' म्हणालात. उद्या खोटं 'नाही' म्हणालात तर मी कशावर विश्वास ठेवायचा? माझे काका आयुष्यभर रंग फवारत राहिले आणि 'मला काही होत नाही' म्हणत राहिले. आज जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसतात ते, श्वास घ्यायला!"

त्याची मान खाली गेली. "चुकलं माझं. अगदी चुकलं. पण... मास्क बसला म्हटलं की तुम्ही सही करणार आणि निघून जाणार. मग कुठलं निमित्त काढून बोलावू? तुम्ही आवडता मला. फार आवडता."

ती सामान भरू लागली. "ही तपासणी मी सोडतेय. उद्या आमचे साहेब येतील."

"इतक्या रागावलात?"

"रागावलेच आहे. पण सोडतेय ती त्यासाठी नाही." दारात पोहोचून ती वळली, आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्या मास्कवर सही करायची नसते. आमच्यात चालत नाही ते. उद्या साहेबांना खरं सांगा. मला तुमचा श्वास शाबूत हवाय... पुढे खूप दिवस."

"अगं बाई!" आत्याच्या हातून ब्रश पडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फवारे मारून मारून हात दुखवून घेतला. ना गोड, ना कडू, काहीच नाही. सही झाली आणि पॉलिशची खोली उघडली. साहेबांना रस्त्यापर्यंत पोचवायला तो आला, तर छापखान्याच्या निळ्या दारात ती उभी.

साहेब वळणाआड होईपर्यंत ती थांबली. मग जवळ आली. त्याच्या गालावर मास्कचा लालसर वळ उठला होता, नाकापासून हनुवटीपर्यंत सलग. तिने त्यावरून अलगद बोट फिरवलं.

"छान बसलाय."

"श्वास रोखू का?" त्याने विचारलं.

"मुळीच नाही."

तो हसला. "मग आता तरी... कपाट बघणार?"

"बघेन की," ती म्हणाली, आणि या वेळी जाणूनबुजून त्याच्याच दारातून आत शिरली. "पण मोठं दाखवा हं. दोघांचे कपडे मावायला हवेत."